सुनेनं लावलेला फ्रीज

माझ्या सुनेनं माझा फ्रीज लावून दिला, त्याची ही गोष्ट. गोष्ट म्हणण्याइतकी ती मोठी आहे की नाही, मला खात्री नाही. पण त्या फ्रीजवर माझं एकट्याचं घर अवलंबून होतं.

बायको गेल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून मी एकटाच राहतो. मध्यंतरी चार दिवसांपूर्वीचं माशाचं सूप गरम करून प्यालो आणि तीन दिवस सलाइनवर काढले. मला घरी सोडायला आलेला मुलगा दारातच म्हणाला, "बाबा, बस्स झालं आता. आमच्याकडे चला."

त्यांच्याकडे खोली आहे, माया आहे. पुस्तकांना जागा नाही. माझी चार हजार पुस्तकं दुसऱ्या कुणाच्या तरी घरी जाणार, हे मला नको होतं. पण मला वेळेवर बोलता येत नाही. उत्तर सुचतं तोवर माणसं जिना उतरून गेलेली असतात.

बोलली ती सून. ती एका मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात भांडार सांभाळते. सहाशे माणसांचं अन्न रोज तिच्या नजरेखालून जातं. म्हणाली, "आधी फ्रीज बघू दे. बाबांचं मग ठरवू."

तिनं दार उघडलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आत स्टीलचे एकसारखे एकवीस डबे दाटीवाटीनं बसले होते, प्रत्येकावर क्रमांक. मला त्यांचा थोडा अभिमानच होता.

"बाबा, या सात नंबरच्या डब्यात काय आहे?"

"वहीत लिहिलंय."

"वही कुठंय?"

वही एका जाड कादंबरीत खूण म्हणून घातली होती. कुठल्या, ते आठवेना. मुलगा छताकडे बघू लागला.

मी चाळीस वर्षं ग्रंथालयात काढली. आलेल्या वस्तूला क्रमांक द्यायचा आणि तिला तिच्या जागी ठेवायचं, एवढंच मला येतं. नवा डबा आला की पुढं. जुने सरकत सरकत मागं गेले, पार मागच्या भिंतीला टेकले. तिथं पालक गोठून काचेसारखा झाला होता आणि त्याच्या शेजारी अर्धी कापलेली पाच लिंबं सुकली होती.

"पुस्तक मागं राहिलं तर वाट बघतं, बाबा," ती म्हणाली. "दूध नाही बघत."

मला वाटलं, आता ही हसेल. ती हसली नाही. ओढणी कमरेला खोचून तिनं सगळं टेबलावर काढलं, कप्पे धुतले, आणि काम करता करता मला सांगत गेली. शिकवतेय असं मात्र एकदाही वाटू दिलं नाही. दाराचा कप्पा सगळ्यात कमी गार, म्हणून तिथं सॉस आणि लोणी, दूध आतल्या बाजूला. कच्चा मासा सगळ्यात खाली, त्याचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकायला नको. पालेभाजी कोरडी करून कापडात. सफरचंदं तिच्यापासून लांब, नाहीतर ती लवकर पिवळी पडते. मागची भिंत मोकळी, गार हवा फिरायला हवी. तिनं पाण्याच्या पेल्यात एक छोटा तापमापक बुडवून मधल्या कप्प्यावर ठेवला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे असं बघितलं, की मला आमच्या जुन्या मुख्य ग्रंथपालांची आठवण झाली. उगाच एक पाऊलसुद्धा नाही. फडकं कुठं संपतं आणि हात कुठं सुरू होतो, कळत नव्हतं. काम इतकं नीटनेटकं करणारं माणूस आपल्याच घरात आहे, हे मला आठ वर्षांत कसं दिसलं नाही कोण जाणे.

माझे स्टीलचे डबे तिनं कपाटात टाकले आणि काचेचे आणले. आतलं दिसणारे. मग जरा थांबून म्हणाली, "क्रमांक नको. पण पुस्तकावर परत करायची तारीख टाकायचात ना? तशीच टाका. कधी आलं ते नाही, कधीपर्यंत संपवायचं ते. आणि वासावर जाऊ नका, तारखेवर जा."

डोळ्यांसमोरच्या कप्प्यात तिनं एक तबक ठेवलं. त्यावर चिठ्ठी : 'आधी हे'.

मुलानं अट घातली. "एक महिना. महिन्यानंतर एक जरी खराब डबा सापडला, तर सामान बांधायचं. कबूल?"

मी मान हलवली.

महिना बरा गेला. अर्धा फ्रीज रिकामा दिसला तरी जीव घाबरा होईना. रोज सकाळी तबक बघायचं, त्यात असेल ते खायचं, मगच बाजारात जायचं. कचऱ्याची पिशवी इतकी हलकी झाली की कचरेवालीनं विचारलं, "आजोबा, उपास चालू आहेत का?"

शेवटच्या रविवारी, ती दोघं यायच्या तासभर आधी, फ्लॉवरच्या आड मला एक डबा दिसला. भात. तारीख चार दिवसांपूर्वीच उलटलेली. एका पुस्तकात गुंतलो होतो आणि बाजारातून आणलेला फ्लॉवर घाईनं पुढं ठेवला होता.

झाकण उघडलं. भात पांढराशुभ्र, वास काहीच नाही. मी चमचा हातात घेतला, हे कबूल करतो. दोन मिनिटांत डबा रिकामा, कुणाला कळलंही नसतं. खाली नेऊन शेजारच्यांच्या कचऱ्यात टाकणंही सोपं होतं. मी तारीख पुन्हा वाचली. मग चमचा ठेवला, झाकण लावलं आणि डबा टेबलाच्या मधोमध ठेवला.

मुलगा आला तो रिकामी खोकी घेऊनच, पुस्तकांसाठी. सुनेच्या आधी त्यालाच डबा दिसला.

"बाबा, ही तारीख?"

"चुकली," मी म्हणालो. "फ्लॉवरमागं राहिला."

"ठरलं होतं आपलं."

"हो."

सुनेनं डबा उचलून पाहिला, मग चमच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खाल्लात?"

"नाही."

"खायचा विचार होता?"

"होता."

ती खुर्चीवर बसली. "आमच्या भांडारात टाकून दिलेल्या मालाची एक वही असते," ती नवऱ्याला म्हणाली. "ती कोरी दिसली की माझ्या छातीत धस्स होतं. टाकलं नाही म्हणजे कुणाच्या तरी ताटात गेलं. बाबांनी टाकायला काढला. वर आपल्याला दाखवला. मला माणूस हवा असतो तो हाच."

"पण अट..."

"अट तू घातलीस. माझ्या भांडारात तुला दोन दिवससुद्धा ठेवणार नाही मी. परवा दही कुणी उघडं ठेवलं होतं?"

मुलानं फ्रीज उघडला. एकेक तारीख वाचत तो खालपर्यंत वाकला. सगळं पाहून झाल्यावर त्यानं दार हळूच लावलं.

"रोज सकाळी मला फोन करायचा," तो म्हणाला. "आणि तबकात काय आहे ते सांगायचं."

"सांगेन," मी म्हणालो. या वेळी उत्तर वेळेवर सुचलं.

तो खोकी उचलून खाली गाडीत ठेवायला गेला. सुनेनं भात टाकला आणि रिकामा डबा माझ्या हातात दिला. मी तो घासायला घेतला.