तांदळाच्या पोत्यांतली बिअर

माझे सासरे, पुरुषोत्तम वैद्य, पंच्याऐंशी सालच्या एप्रिलमध्ये कराडहून आमच्याकडे ट्रॉयला आले. त्यांच्या बॅगेत अमेरिकेत कायम राहायची कागदपत्रं होती आणि परतीचं तिकीटही होतं. कागदपत्रं प्रसन्नने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, खटपट करून मिळवलेली. तिकीट दोन नोव्हेंबरचं, ते त्यांनी स्वतः काढलेलं. आदल्या वर्षी ते कराडच्या घरात न्हाणीघरात पडले होते आणि सकाळी दूधवाली येईपर्यंत तसेच पडून होते. सासूबाई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्या तिकिटाची आठवण झाली की मला ते न्हाणीघर दिसायचं.

"राहा ना बाबा," असं आम्ही येता-जाता म्हणायचो.

"इथे मला काम काय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आणि खरंच काही नव्हतं. त्यांनी कपबशी विसळायला घेतली की मी हातातून काढून घ्यायचे. भाजी चिरली तर "वा, किती छान" म्हणायचे आणि ते हॉलमध्ये गेले की तीच पुन्हा बारीक चिरायचे. मी लायब्ररीत कामाला, प्रसन्न गाड्यांच्या ब्रेकचा इंजिनिअर. दिवसभर बाबा खिडकीत बसून शेजाऱ्यांच्या गवतावर पाणी पडताना बघायचे.

प्रसन्नला एक छंद जडला होता. ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने तो तळघरात बिअर करायचा. करायचा म्हणजे बिघडवायचा. पहिली खेप आंबट झाली, दुसरी नुसतीच गोड राहिली आणि तिसरी तर आंबायचं नावच घेत नव्हती. एवढ्यावर त्याचा मला दम, "हे बघ, बाबांना कळता कामा नये." ज्या माणसाने चाळीस वर्षं रसशाळेत द्राक्षासव आणि दशमूलारिष्ट केलं, त्याला जिन्याखाली काय आंबतंय हे कळणार नाही, अशी आशा प्रसन्नच करू जाणे.

ऑगस्टच्या शेवटी एका रविवारी पोहे खाताना बाबा शांतपणे म्हणाले, "प्रसन्न, खाली जे घातलंयस ना, ते मेलंय."

"ते... सरबत आहे, बाबा."

"सरबताला हवा जायची नळी कशाला लागते?"

प्रसन्नचे कान लाल झाले. बाबा मात्र पोहे संपवून सरळ खाली गेले. काचेच्या मोठ्या बरणीला त्यांनी कान लावला, एक थेंब जिभेवर घेऊन थुंकून टाकला आणि विचारलं, "विरजण कुठलं घालतोस?"

विरजण म्हणजे यीस्ट. प्रसन्नने मागच्या वर्षी सेलमध्ये त्याच्या दोन डझन पुड्या घेतल्या होत्या आणि त्या माझ्या मसाल्यांबरोबर, शेगडीच्या वरच्या कपाटात ठेवल्या होत्या. बाबांनी एक पुडी कोमट साखरपाण्यात टाकली. अर्धा तास झाला, तास झाला, पाणी ढिम्म. "उकडून मारलंयस बिचाऱ्याला," ते म्हणाले. "चल, हे सामान कुठे मिळतं ते दाखव. सगळं नव्याने घेऊ."

सामानाचं दुकान स्टॅन नावाच्या माणसाचं. दर ऑक्टोबरात तो गिऱ्हाइकांना जमवून सगळ्यांच्या बाटल्या चाखायचा आणि खरं काय ते तोंडावर सांगायचा. त्या वर्षी सगळ्यांनी ब्लाँड एल करायची होती, म्हणजे सोनेरी, हलकी, कसलाही भपका नसलेली बिअर. "सोप्पी वाटते यार," प्रसन्न मला म्हणाला, "पण चूक झाली तर लपवायला काही नसतं त्यात."

दुकानात लाकडी पिंपं होती. त्यांत माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातू. बाबा प्रत्येक पिंपातले चार दाणे तोंडात टाकत गेले. काळ्या भाजलेल्या दाण्यांवर त्यांनी तोंड वाकडं केलं. फिका माल्ट सावकाश चावला आणि मान हलवली. "अंगाला हा. सगळा भार ह्याच्यावर." मग तपकिरी, खडीसाखरेसारखा कुरकुरीत दाणा. "हा मूठभरच. रंगाला." शेवटी गव्हाचा माल्ट बघून खूश होऊन म्हणाले, "आणि हा थोडा, फेस टिकायला?" प्रसन्नने ते स्टॅनला इंग्रजीत विचारलं, तर तो म्हणाला, बरोबर, मीही तेच सुचवणार होतो. मी बाबांकडे बघितलं. चार महिन्यांत त्यांचा ताठ झालेला कणा मी पहिल्यांदा पाहिला.

मग हॉप्स, ती कडू, वाळलेली हिरवी फुलं. स्टॅनने अभिमानाने कॅस्केड जातीचं फूल पुढे केलं. बाबांनी तळहातावर चोळून वास घेतला. "पपनस. चांगलं आहे, पण फार बोलतं." विलामेट त्यांना पटलं. "हे कडू होईल आणि गप्प बसेल." यीस्टच्या पुड्या स्टॅनने फ्रीजमधून काढल्या तेव्हा त्यांनी प्रसन्नकडे अशी काही नजर टाकली की मला हसू दाबावं लागलं.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी बिअर घातली. सातू दळले, हाताला चटका बसेल पण उकळणार नाही अशा पाण्यात तासभर भिजवले, गाळले, हॉप्स घालून तासभर उकळलं. घरभर ऊन सातूच्या पिठासारखा गोड वास सुटला होता. सगळं निवल्यावर बाबांनी जागं केलेलं यीस्ट बरणीत ओतलं. तिथवर काहीच चुकलं नाही.

आसवाचं भांडं धान्याच्या राशीत पुरून ठेवतात. बाबा तसंच करत आले होते आणि आमच्या तळघरात सेलमधलेच तांदूळ होते, पन्नास पौंडांची चार पोती. त्यांनी बरणी मध्ये ठेवली, चहूबाजूंनी पोती लावली आणि वर स्वतःची शाल गुंडाळली. प्रसन्न त्या आठवड्यात ओहायोला कामासाठी गेला होता.

स्टॅनने दिलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं, पासष्ट डिग्री फॅरनहाइट, फार तर अडुसष्ट. बाबा जेवायला वर गेलेले असताना बरणीला चिकटवलेली थर्मामीटरची पट्टी मी शाल बाजूला करून बघितली आणि शाल पुन्हा नीट केली. ब्याऐंशी. ते परत खाली गेल्यावर मी जिन्यावर उभी राहिले. बाबा पोत्यांशेजारी खुर्ची टाकून बसले होते, नळीतले बुडबुडे मोजत होते आणि गुणगुणत होते. मला बघून हसले. दहा दिवसांत त्यांनी तिकिटाचं नाव काढलं नव्हतं. मला वाटलं, हे नीट झालं, लोकांनी वाखाणलं, तर हा माणूस राहील. आता कुठे रंगलेत, त्यात मी कशाला बोट घालू? मी तशीच वर आले. प्रसन्नलाही फोनवर "सगळं मस्त चाललंय" म्हणून सांगितलं.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी स्टॅनच्या दुकानामागच्या अंगणात दहाबारा माणसं जमली. बाबा कोट घालून आले होते. आमची बाटली उघडली. रंग सुरेख, फेस घट्ट. स्टॅनने ग्लास नाकाशी नेला आणि त्याच्या भुवया वर गेल्या. मग तो बराच वेळ बोलला. रंग उत्तम, सातू उत्तम, हॉप्स तर अगदी नेमके. पण वास सगळा केळ्याचा. यीस्ट गरम जागी तापलं. ही काही ब्लाँड एल नाही.

प्रसन्न लगेच वळून म्हणाला, "बाबा, त्यांना खूप आवडली."

"बनाना म्हणाला तो," बाबा म्हणाले. "बनाना मला कळतं."

त्यांनी चमचाभर बिअर चमचाभर पाण्यात घालून घेतली, औषधासारखी, आणि डोळे मिटून गिळली. "केळंच आहे," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

परतताना मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसलेल्या बाबांनी विचारलं, "उत्तरा, गरम होतंय हे तुला माहीत होतं?"

खोटं बोलावंसं फार वाटलं, पण जीभ रेटेना. "हो. ब्याऐंशी होतं. पहिल्या आठवड्यातच बघितलं होतं."

"आणि बोलली नाहीस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, बाबा. तुम्ही इतके खुशीत होतात."

ते म्हणाले, "तुझी सासू असती ना, तर पहिल्याच दिवशी कमरेवर हात ठेवून म्हणाली असती, अहो, काय वेड लागलंय का, काढा ती शाल. चाळीस वर्षं माझी चूक काढली तिने. ती गेल्यापासून माझं काही चुकतच नाही. इथे तर मी पाहुणा. पाहुण्याचं सगळंच छान असतं."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, "बरं, मग ऐका. चुकलात तुम्ही. हे आसव नाही, ही बिअर आहे, कागदावर सगळं लिहिलं होतं आणि तुम्ही तो कागद एकदाही कुणाकडून वाचून घेतला नाहीत. आणि माझ्या दोनशे पौंड तांदळाला आता केळ्याचा वास मारतोय."

प्रसन्नने आरशातून माझ्याकडे डोळे मोठे केले. बाबा मात्र माझ्याकडे वळून बसले.

"कागद वाचला असता तरी ऐकलं नसतं मी," ते म्हणाले. "भांडलो असतो."

"मग भांडले असते मीही."

"ब्याऐंशी म्हणजे फारच झालं गं," ते म्हणाले. "प्रसन्न, डिसेंबरात आपलं तळघर किती असतं?"

"साठ-बासष्ट असेल."

"मग डिसेंबरात पुन्हा घालू. सामान तेच, पोती नकोत."

डिसेंबर नोव्हेंबरनंतर येतो हे मी मनात दोनदा ताडून पाहिलं. तरी तोंडाने विचारल्याशिवाय राहवेना. "बाबा, तिकिटाचं काय?"

"कॅन्सल करायला सांग त्याला," ते म्हणाले. "आणि हे बघ, डिसेंबरात काही चुकताना दिसलं, तर जिन्यावर उभी राहू नकोस. खाली येऊन सांग."