आधी बूच, मग काडी

शिवणयंत्राच्या खणातून तिने काडेपेटी काढली आणि टेबलाशी बसलेल्या दोघा भावांपैकी धाकट्याच्या हातात दिली. थोरल्याने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, हात पुढे केला होता. तो त्याने मागे घेतला आणि लिंबू उचललं.

गेली सहा वर्षं काडेपेटी त्या खणातच असायची, रिळांच्या शेजारी. पंधरा वर्षं हॉटेलच्या बारमध्ये पेयांवर ज्योती पेटवणाऱ्या माणसाला घरची शेगडी पेटवायची मुभा नव्हती. एका संध्याकाळी पेटत्या लिंबाच्या वाटीवर बाटलीतून रम ओतली गेली, जाळ धारेवरून वर चढला आणि समोर बसलेल्या बाईचा हात कोपरापर्यंत भाजला. चूक माझी, असं त्याने लिहून दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरी बसला. आता तो एका झेरॉक्सच्या दुकानात कागद जुळवून टाचत असे, आणि ती लोकांचे कपडे उसवून मापात आणून देई. कप फुटला, दूध उतू गेलं, की ती तेच म्हणायची: हाताला भान नाही तुमच्या. तो ऐकून घ्यायचा.

धाकटा तेव्हा त्याच्या हाताखाली शिकत होता. आज तो त्याच बारचा प्रमुख होता. नव्या मॅनेजरला अननसाच्या आणि नारळाच्या पेयांवर पूर्वीसारखी पेटती वाटी हवी होती. धाकट्याने व्हिडिओ पाहून करून बघितली, पण त्याची ज्योत ग्लास टेबलावर पोचेपर्यंत मान टाकायची. दादाने हात धरून शिकवलं तर मॅनेजरच्या कानावर घालतो, बारमागे आणखी एक माणूस लागणारच आहे, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. दादाला नाही, वहिनीला. काल तिने ट्रंकेतलं नवऱ्याचं बारमधलं काळं जाकीट काढून त्याला इस्त्री केली होती. ते दाराच्या मागे टांगलेलं होतं आणि नवऱ्याने त्याच्याकडे अजून पाहिलेलं नव्हतं.

तो आधी पडदा ओढ म्हणाला. दिवसाउजेडी रमची ज्योत डोळ्यांना दिसत नाही. धाकट्याने मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला होता.

"राहू दे रे दादा. अंधारात रेकॉर्डिंग कसं येणार?"

पडदा उघडाच राहिला. ती यंत्राशी बसून कुणाच्या तरी पँटची शिवण उसवत होती, पण नजर टेबलावर होती. त्याने लिंबू आडवं कापलं, चमच्याने गर कोरून काढला, आतली पांढरी साल तेवढी ठेवली. वाटी फाटली नाही. तव्यावर कडक केलेला पावाचा तुकडा नखाएवढा कापून त्याने बशीतल्या रममध्ये बुडवला आणि वाटीत ठेवला. साखरेचा खडा विरघळून बसतो, पाव वातीसारखी रम पितो, तो म्हणाला. बशीत रम ओतून झाल्याबरोबर त्याने बाटलीला बूच लावून ती पाठीमागच्या फळीवर ठेवली होती.

"आधी बूच, मग काडी. किती वेळा सांगितलंय तुला?"

"हो रे बाबा. परीक्षा घेतोस काय?"

धाकट्याने काडी लावली, ज्योत लागली. नवऱ्याने वरून चिमूटभर दालचिनीची पूड सोडली आणि हवेत बारीक ठिणग्यांचा फवारा उडाला. धाकटा हसला. नवराही हसला. त्याला असं हसताना तिने कधी पाहिलं होतं ते तिला आठवेना. बोटं कशी चालत होती त्याची, नेमकी आणि निवांत. याच हातांना आपण सहा वर्षं काय काय बोललो, असं तिच्या मनात आलं. पण मग ती भाजलेली बाई आठवली आणि तिने पुन्हा कात्री चालवली.

पुढची वाटी धाकट्याने केली. ठिणग्या उडाल्या. मग खिडकीतून आलेल्या उन्हात पावाचा तुकडा नुसताच काळा दिसू लागला.

"विझलं बघ. कमी भिजला," असं म्हणत त्याने फळीवरची बाटली घेतली, दातांनी बूच उपसलं आणि बाटली वाटीवर कलती केली.

नवऱ्याचा तळवा आधीच बाटलीच्या तोंडावर होता. जणू तो याच क्षणाची वाट पाहत होता. दुसऱ्या हाताने त्याने कागदाची पट्टी वाटीवर धरली. ती भुरकन पेटली. मग पट्टी आणि वाटी, दोन्ही त्याने स्टीलच्या वाडग्याखाली झाकली.

धाकटा कसंनुसं हसला.

"तेव्हाही मला असंच विझल्यासारखं वाटलं होतं."

मग त्याने जीभ चावली.

"म्हणजे दादाला," तो म्हणाला.

तिची कात्री शिवणीत थांबली होती. नवऱ्याने धाकट्याकडे नाही, तिच्याकडे पाहिलं, तिने ऐकलं का ते बघायला. मग त्याने बाटलीला बूच लावलं.

धाकट्याने मोबाइल उचलला, सामान भरलं. जाताना दारात थांबून तो पायांतल्या बुटांकडे बघत बोलला.

"वहिनी, मॅनेजरशी बोलतो मी. पण जुनं प्रकरण आहे. कागदावर दादाची सही आहे ना, ती आडवी येईल कदाचित."

"हो ना भाऊजी. सही त्यांचीच आहे," ती म्हणाली.

दार लोटल्यावर ते काळं जाकीट थोडा वेळ हलत राहिलं. नवरा मोरीत बशी घासत होता.

"मला तरी सांगायचं होतंत."

"तू सांगून टाकलं असतंस."

"कुणाला?"

"त्याच्या सासऱ्यांना. लग्न ठरलं होतं त्याचं तेव्हा." बशीवरून पाणी निथळेपर्यंत तो थांबला. "आणि नंतर सांगून काय होणार होतं? तुझा विश्वास बसला होताच की."

ती उठली. काडेपेटी टेबलावरून उचलून तिने शेगडीच्या बाजूला ठेवली.

"चहा टाका," ती म्हणाली.

त्याने हात पुसले. काडेपेटी उघडली, आतल्या काड्यांकडे पाहिलं आणि मिटून तिच्या हातात परत दिली.

"तूच पेटव. मला सवय नाही राहिली."

तिने काडी ओढली. ती मोडली. दुसरी पेटली आणि शेगडीपर्यंत जाता जाता विझली. तो बाजूला उभा राहून तिच्या हातांकडे पाहत होता. हाताला भान नाही तुझ्या, असं तो म्हणाला नाही.