रिकाम्या शिडीवरचा पाय

बावीस वर्षं मी रंगारी आहे आणि बावीस वर्षांत माझ्या शिडीवरून एकही माणूस पडलेला नाही. गर्व होता तो एवढ्याच एका गोष्टीचा. वर कोणी चढलं की माझा पाय आपोआप खालच्या पायरीवर जातो. डोक्याला विचारायलाही थांबत नाही.

त्या दुपारी मी आणि मेव्हणा एका घराची बाहेरची भिंत रंगवत होतो. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. बोलण्यात पटाईत, कामाच्या नावानं बोंब. जेवणाच्या सुट्टीत तो म्हणाला, "दाजी, शेजारच्यांच्या वरच्या खिडकीवर आपले शिंतोडे उडालेत. ते परगावी गेलेत, यायच्या आत पुसून टाकू." मला पटलं. शिडी मीच खांद्यावर घेतली, मीच भिंतीला टेकवली. तो चढला आणि माझा पाय पायरीवर गेला.

वर काहीतरी कडकन मोडलं. बघतो तर हा पठ्ठ्या पुट्टी लावायच्या पट्टीनं खिडकीची कडी उचकटतोय!

"अरे, काय करतोयस?" माझ्या तोंडून कसंबसं निघालं.

"ओरडू नका दाजी, शिडी हलतेय!" असं म्हणून तो आत उतरलासुद्धा.

शिडी हलतेय म्हटल्यावर मी पाय आणखी घट्ट रोवला. काय म्हणावं या अकलेला! आरडाओरडा करावा तर बायकोचा सख्खा भाऊ, आणि पळून जावं तर तो उतरणार कसा? पाचेक मिनिटांनी तो शर्टात दागिन्यांचा डबा खुपसून खाली आला. समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणाऱ्या बाईनं आम्हाला पाहिलं होतं. ऊन उतरायच्या आत आम्ही दोघं पोलीस चौकीत होतो, वेगवेगळ्या खोल्यांत.

मला भेटायला आलेल्या वकीलबाई शांत होत्या. "नुसतं तिथं असणं हा गुन्हा नाही," त्या म्हणाल्या. "चोरी करायचीय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. बाईनंही तुम्हाला फक्त उभं पाहिलंय. मला एकच सांगा, तो आत गेल्यावर शिडीवर कोण होतं?"

"कोणीच नाही."

"मग तुम्ही बाजूला का झाला नाहीत?"

"पाय होता ना माझा शिडीवर. तो उतरायचा होता."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे चोरी चाललीय हे कळल्यावरही तुम्ही त्याच्यासाठी शिडी धरलीत?"

चोरासाठी शिडी धरली, असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी माणूस पडू नये म्हणून धरली होती.

"हे पोलिसांना बोललात?"

"नाही अजून."

"बघणारा तो बघणारा. पण चोराला सुखरूप खाली उतरवून घेणाऱ्याला कायदा चोराच्याच रांगेत बसवतो. घरफोडी आहे ही, काही वर्षं जातील. आता मी सांगेपर्यंत एक शब्द बोलू नका."

मी मान डोलावली. तेवढ्यात बायको आत आली. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसत होतं.

"अहो, काळजी सोडा. मी त्याला भेटून आले. पाया पडले त्याच्या, म्हटलं माझ्या संसाराचं वाटोळं करू नकोस, ह्यांना सोडव. रडला हो तो! लगेच साहेबांना बोलावून जबाब लिहून दिला."

"काय दिला?" वकीलबाई उठून उभ्या राहिल्या.

"अहो, किती चांगलं बोलला! म्हणाला, साहेब, आमचे दाजी देवमाणूस. मी आत गेलो तरी त्यांनी शिडी सोडली नाही. खाली ते नसते तर मी चढलोच नसतो."

वकीलबाई मटकन खुर्चीत बसल्या. बायकोनं माझा हात धरला.

"आता सोडतील ना हो तुम्हाला?"

तिचे डोळे थेट भावासारखे आहेत. त्या डोळ्यांकडे बघताना, बावीस वर्षांत पहिल्यांदाच मला वाटलं, पडला असता तर बरं झालं असतं.