भोंग्यावरची यादी

यादी भोंग्यावर वाचायची अक्कल आरोग्य उपकेंद्राच्या पंचशीला सिस्टरचीच. उगाच धोंडीरामला दोष देण्यात अर्थ नाही. तो बिचारा ग्रामपंचायतीचा शिपाई. हातात कागद दिला, त्यानं भोंगा लावला आणि कोरोनाची लस न घेतलेल्या सतरा पोरापोरींची नावं बापा-नवऱ्याच्या नावासकट अख्ख्या गावाला ऐकवली. तालुक्याहून रोज फोन यायचा, तुमच्याच गावचे तरुण मागे कसे म्हणून. सिस्टर वैतागली होती. तिला वाटलं, जरा लाज वाटू दे कार्ट्यांना.

पोरं कसली लाजतात! त्यांनी भोंग्याखाली उभं राहून आपापल्या नावाला टाळ्या वाजवल्या.

सातवं नाव दीपमालाचं होतं. लग्नाला तीन वर्षं झालेली, बी.ए. शिकलेली, गुणाची पोर. नळावरच्या बायकांनी लगेच अर्थ काढला: सून सुई टाळते, म्हणजे दिवस गेलेत. सासू मुक्ताबाई हरखून गेली आणि तिनं चारचौघींत सुनेला विचारलं. दीपमालाला भर नळावर नाही म्हणावं लागलं. मग लस कावून घेतली न्हाई, असं खोदून खोदून विचारताना अंबाजोगाईच्या डॉक्टरांची औषधं बाहेर आली. नवराबायकोनं वर्षभर झाकून ठेवलेली गोष्ट हंडे भरेस्तोवर गावाची झाली.

आशा सेविका विजयमालानं हे सांगितलं तेव्हा सिस्टरला एकदम आठवलं. पंधरा दिवसांपूर्वी दीपमाला तिच्याकडे आली होती. रांग संपेपर्यंत कोपऱ्यात थांबली आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, मूल ऱ्हायची औषधं चालू हायेत. लस घेतली तर काई व्हतंय का?"

दोन मिनिटांचं उत्तर होतं, आणि सिस्टरला ते येत होतं. पण तिला गाडी गाठायची होती. "मोबाइलवरचं काईबी वाचत बसता," असं म्हणून ती चक्क हसली होती. ते हसणं आठवून आता तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अकरा वर्षं तिनं गावातल्या बायकांची गुपितं सांभाळली होती, आणि हिचं मात्र तिच्याच यादीनं चव्हाट्यावर आणलं.

दुपारी ती दीपमालाच्या दारात गेली. मुक्ताबाईनं बस म्हटलं नाही. दीपमाला ओसरीवर शेंगा फोडत होती.

"चुकलं माझं," सिस्टर म्हणाली. "तू विचारलंस तवाच सांगायला पायजे व्हतं. या लशीनं मूल ऱ्हायला अडचण येत न्हाई. औषधंबी बंद करायची न्हाईत. मनात शंका असंल तर तुझ्या डॉक्टरांना विचार, मगच घे."

दीपमालानं मान वर केली नाही. "म्या कवा न्हाई म्हनले? मला निस्तं इचारायचं व्हतं."

"मग उद्या ये. रांग लागायच्या आधी, एकटीच."

"धर्मापुरीला जाऊन घेते."

सिस्टरचा चेहरा उतरला. तरी तिनं पर्समधून फोन काढला. "बरं. तिथल्या सिस्टर माझ्या वळखीच्या हायेत. सांगून ठेवते, म्हंजे तुला थांबावं लागणार न्हाई."

आता मात्र दीपमालानं वर पाहिलं. हातातल्या शेंगा तशाच खाली पडल्या.

"नका, सिस्टर. हात जोडते. तुमी आता कुनाला काईच सांगू नका."