खिशातला फ्यूज

हरिदासनं धाकट्या भावाला, गुलाबला, पहिला पान्हा हाणला तो खांद्यावर. दुसरा चुकला आणि भिंतीचा पोपडा खाली आला. तिसरा गुलाबच्या उजव्या पंजावर बसला, कारण डोकं वाचवायला त्यानं तोच हात वर केला होता. हाड मोडल्याचा आवाज खाणीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला ओळखू येतो. पण राग डोक्यात चढला की कान काय कामाचे? हरिदासनं चौथ्यांदा पान्हा उचलला.

"अवं, जीव घेता काय त्याचा!" बायको, सत्यशीला, मधे पडली. हरिदासचं कोपर लागून तिचाही ओठ फुटला. तरी ती बाजूला झाली नाही.

"मी फ्यूज काढून ठेवला होता!" हरिदास ओरडत होता. "माह्या खिशात होता! याले कोनं सांगतलं तार लावाले?"

गुलाब भिंतीला टेकून खाली बसला होता. पंजा पोटाशी धरून तो नुसता कण्हत होता.

आता या फ्यूजचं सांगायला हवं. घुग्घुसच्या कोळसा खाणीत हरिदास इलेक्ट्रिशियन होता. तिथला एक दंडक सगळे पाळत: मशीनला हात लावायच्या आधी फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. ज्यानं काढला त्यानंच लावायचा. मग साहेब येवो की साहेबाचा बाप येवो. नऊ वर्षांपूर्वी हरिदासचा जोडीदार इसरू पंपाच्या पेटीत हात घालून बसला होता, फ्यूज त्याच्या खिशात होता, आणि पंप बंद का म्हणून कुणा अतिशहाण्यानं तांब्याची तार लावून बटण दाबलं. हरिदासनं इसरूला लाकडी दांड्यानं ओढून सोडवलं तेव्हा उशीर झाला होता. तेव्हापासून घरातला पंखा पुसायचा असला तरी हरिदास फ्यूज खिशात टाकायचा. कॉलनीतली माणसं हसायची, तो शिव्या द्यायचा, आणि शिवी त्याच्या तोंडात नेहमी तयार असायची.

तर क्वार्टरमधल्या कॉम्प्युटरलाही तोच कायदा लागू होता. एकोणनव्वद साल होतं. अख्ख्या घुग्घुसमध्ये कुणाच्या घरी कॉम्प्युटर नव्हता, आणि याच्या घरी होता तोही हातानं जोडलेला. मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय दिल्लीच्या बाजारातून एका ओळखीच्या ट्रकवाल्यानं टॉवेलात गुंडाळून आणले होते. बाहेरचं खोकं म्हणजे भंगारातली पत्र्याची स्विचपेटी, आणि पडद्याच्या जागी जुना काळा-पांढरा टीव्ही. लोक त्याला 'हरिदासचा डबा' म्हणत. म्हणोत बापडे. तो डबा गुलाबसाठी होता. गुलाबनं चंद्रपूरला टायपिंगचा क्लास केला होता, मिनिटाला चाळीस शब्द काढायचा. सिमेंट कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटरची जागा निघाली होती आणि मंगळवारी टायपिंगची परीक्षा होती. आपण जमिनीखाली गेलो, आपल्या भावानं जमिनीवर, पंख्याखाली बसून नोकरी करावी, एवढाच हरिदासचा हट्ट होता. त्या हट्टापायी त्यानं चार महिने बिडीसुद्धा सोडली होती.

काल शनिवारी त्यानं पेटी उघडून आत काहीतरी घट्ट केलं होतं, आणि काम अर्धं ठेवून आज पहिल्या पाळीला गेला होता. फ्यूज अर्थात खिशात. परीक्षेला दोनच दिवस उरलेले. सरावावाचून गुलाबला राहवलं नाही. त्यानं तार गुंडाळली, बटण दाबलं. आत टिक झालं, सप्लायचा छोटा पंखा एकदा थरथरला आणि सगळं मेलं. भाऊ घरी आल्याबरोबर पोरानं स्वतःहून सगळं सांगितलं. लपवलं असतं तर हात वाचला असता.

शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसवून सत्यशीला गुलाबला दवाखान्यात घेऊन गेली. हरिदास एकटा पेटीसमोर बसला.

जळलं काय ते तरी पाहू, म्हणून त्यानं पॉवर सप्लाय बाहेर काढला, फ्यूज लावला आणि बटण दाबलं. पंखा हलला नाही. मीटरवर काटा शून्यावर.

"जाळला हरामखोरानं," तो भिंतीकडे पाहून म्हणाला. त्याला जरा बरंसुद्धा वाटलं. मार फुकट गेला नव्हता.

पण ट्रकवाल्यानं दिल्लीहून आणलेला एक निरोप त्याला आठवला: हा सप्लाय रिकामा चालत नाही, त्याला ओझं लागतं. हरिदासनं खाणीतल्या टोपीच्या दिव्याचा बल्ब आणला आणि लाल-काळ्या तारांना जोडला. बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला, पंखा घुमू लागला. मीटरनं पाच व्होल्ट दाखवले.

सप्लाय ठणठणीत होता.

मग मदरबोर्ड गेला असणार. त्यानं बोर्डावर मीटर लावला. लाल आणि काळ्याच्या मधे अडथळा शून्य, म्हणजे सरळ शॉर्ट. असा शॉर्ट दिसला की सप्लाय आपणहून बंद होतो, म्हणून तो वाचला होता. त्यानं एकेक कार्ड उपसलं. पडद्याचं काढलं, शून्य. फ्लॉपीचं काढलं, शून्यच. शेवटी बोर्ड पेटीतून सोडवून लाकडी पाटावर ठेवला आणि पुन्हा मीटर लावला.

शॉर्ट गेला होता.

म्हणजे दोष बोर्डात नव्हता, पेटीत होता. बोर्ड जिथं पत्र्याला कसला होता तिथं एक जाड पितळी स्क्रू होता, खाणीच्या पॅनेलचा. बोर्ड हलतो म्हणून काल त्यानंच तो जास्तीचा बसवला होता, पिळून पिळून. स्क्रूच्या रुंद डोक्यानं बोर्डावरचा हिरवा रंग खरवडला होता आणि तांब्याची रेघ पत्र्याला भिडवली होती. आज संध्याकाळी खुद्द हरिदासनं नियमाप्रमाणे फ्यूज लावला असता, तरी हेच झालं असतं. गुलाबच्या तारेनं काहीही बिघडलं नव्हतं.

हरिदासनं पाटावरच सगळं जोडलं आणि बटण दाबलं. टीव्हीवर आकडे धावले, एक बारीक शिटी वाजली. कॉम्प्युटर चालू झाला. तो पितळी स्क्रू उचलून हातात घेऊन बसला.

दिवेलागणीला दोघं परतली. गुलाबचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. तो दारातच थांबला.

"भाऊ, चुकलं माहं," तो म्हणाला. "मी हात लावाले नोको होता. तुहं चार महिन्याचं काम जाळलं मी."

हरिदासनं मूठ आवळली. आत स्क्रू होता. कुणी पाहिलं नव्हतं. सप्लाय जळला होता, मी दुरुस्त केला, एवढं म्हटलं की भागत होतं. पोरगं जन्मभर उपकार मानून राहिलं असतं. हा विचार त्याच्या मनात चांगला मिनिटभर होता. तो सज्जन होता असं कुणी समजू नये.

मग त्यानं मूठ उघडली. "तू काई नाई जाळलं. हा स्क्रू मी लावला होता काल. याच्यानंच बंद पडला. मशीन चालू हाये."

गुलाबनं स्क्रूकडे पाहिलं, पाटावरच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"मंग मले काऊन मारलं?"

इसरूचं नाव हरिदासच्या ओठावर आलं होतं. नऊ वर्षं प्रत्येक रागाला सबब म्हणून तेच नाव सगळीकडे चाललं होतं, बायकोसमोर, मुकादमासमोर. पण सकाळी कुणाचा हात त्या पेटीत नव्हता, कुणी मरणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

"तू समोर होता," तो म्हणाला. "अन् तू उलटून मारत नाईस."

गुलाबनं डाव्या हातानं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मग दुसरा. हरिदासचं नाक फुटलं, रक्त बनियनवर सांडलं. त्यानं हात वर केला नाही. सत्यशीला दाराजवळ उभी होती आणि या वेळी ती मधे पडली नाही.

तिसरा ठोसा मारता मारता गुलाब रडायला लागला. "मंगळवारी पेपर हाये रे, भाऊ," तो म्हणाला. "डाक्टरनं प्लास्टर दीड महिन्याचं सांगतलं."