तविलिसच्या पोटातला बर्फ

ताल सरोवराच्या काठावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. ब्रदर तेओफिलोने गुडघाभर पाण्यात उभं राहून गळ्यातला क्रूस जाळ्याला टेकवला, संताचा धावा करत बराच वेळ काहीबाही पुटपुटला आणि जाळं ओढलं. जाळंभर तविलिस! जगात फक्त याच सरोवरात होणारा आणि आता इथेही दिसेनासा झालेला मासा. बायका गुडघ्यांवर बसल्या. एकही मासा फडफडत नव्हता, पण ब्रदरकडे त्याचंही उत्तर तयार होतं. म्हणे, संताच्या स्पर्शाने ते शांत झालेत.

"देव भरभरून देतोय आणि तुम्ही सरकारची बंदी पाळत बसलाय?" तो म्हणाला.

झालं! विणीच्या हंगामातल्या दोन महिन्यांच्या बंदीसाठी बांधून ठेवलेल्या होड्या लगेच सुटू लागल्या. सिद्राचा मुलगा देन्सियो सगळ्यांत पुढे. चाळीस वर्षं सिद्रा हा मासा शिजवून विकत होती. या दिवसांत तविलिस अंड्यांनी भरलेला असतो. आज जाळी पडली, तर पुढच्या वर्षी शिजवायला काही उरणार नव्हतं.

हा इतकासा मासा इथे कुणी साफ करत नाही. केळीच्या पानात गुंडाळून, बिलिंबीची आंबट फळं घालून अख्खाच शिजवतात. ब्रदरची सगळी भिस्त त्यावरच होती. सिद्राने ढिगातला एक मासा उचलला आणि सरळ अंगठ्याने त्याचं पोट फाडलं. अंड्यांचा पत्ता नाही. आत बर्फाचा खडा.

"हा संताचा थंडावा आहे," ब्रदर घाईघाईने म्हणाला.

"मग तुमच्या संताचा बर्फखाना बंदरावर आहे," सिद्रा म्हणाली. "दिसायला तशीच असली तरी ही समुद्रातली तारली आहे, ब्रदर. देन्सियो, ब्रदर उभे होते तिथल्या त्या मासे पाळायच्या पिंजऱ्याखाली बघ रे."

देन्सियो कुरकुरत पाण्यात उतरला. तिलापिया माशांच्या पिंजऱ्याखाली दोरीला अर्धं रिकामं पोतं बांधलेलं होतं. त्याने ते काठावर आणून उपडं केलं. गोठलेल्या तारल्यांचा गठ्ठा धपकन पडला. जाळं टाकण्याआधीच भरलेलं होतं.

ब्रदरला अचानक दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

"मासा आपल्याच जाळ्यांनी संपत आणलाय," सिद्रा लोकांना म्हणाली. "तो वाढायला हवा असेल तर त्याला अंडी घालू द्या. त्याला नवस लागत नाही, दोन महिने कळ काढावी लागते."

देन्सियोने होडीतलं जाळं उचललं आणि घरची वाट धरली.