आजीच्या गालावरचा तीळ

मित्रांनो, टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात, सुकलेली पेने आणि तुटके चार्जर यांच्या गर्दीत एक काळी पट्टी पडली आहे. लांबी वीतभरसुद्धा नाही, एका कडेला सोनेरी दातांची रांग. ती मी. मला रॅम म्हणतात. संगणक काम करत असताना त्याला जे जे लक्षात ठेवावे लागते, ते तो माझ्याकडे देतो. शेजारी पडली आहे ती माझी जुळी बहीण. आम्ही जोडीने जन्मलो, जोडीने विकल्या गेलो आणि आता जोडीनेच धूळ खात आहोत.

तुम्ही म्हणाल, वीज गेली की जिचे सगळे पुसले जाते, ती कसली आपली कहाणी सांगणार! खरे आहे. पण माझ्यात ठेवलेले मी विसरते, माझ्यासमोर घडलेले विसरत नाही. म्हाताऱ्या माणसांचेही असेच असते. चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, आणि लहानपणी कोणाच्या कडेवर बसून काय पाहिले ते मात्र लख्ख आठवते.

माझा जन्म वाळूपासून झाला. ज्या कारखान्यात मी घडले तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत, कारण धुळीचा एक कण आम्हाला जन्मभर अधू करू शकला असता. माझ्या पोटात अब्जावधी इवल्या विहिरी आहेत. विहिरीत विजेचा थेंब असला तर एक, नसला तर शून्य. एवढ्या दोन अक्षरांत गाणी, नकाशे, माणसांचे चेहरे, सगळे मावते. याचे मला अजूनही नवल वाटते. पण माझ्या विहिरी गळक्या आहेत. भरलेला थेंब झिरपून जायला वेळ लागत नाही. म्हणून एका सेकंदात हजारो वेळा मी माझे पाठ पुन्हा वाचते आणि थेंब पुन्हा भरते. तुम्ही पाढ्यांची उजळणी करता ना, तशीच. उजळणी चुकली की पाढा चुकला!

मला विकत घेतले ते एका ताईने. ती एका अरुंद गल्लीतल्या वरच्या मजल्यावर जुन्या चित्रफिती संगणकात उतरवून देण्याचे काम करी. तिचा धाकटा भाऊ तिच्याबरोबरच असे. त्याला सगळे गुंड्या म्हणत. त्या दिवसांत त्यांच्या आत्याने एक पत्र्याचा डबा आणून टेबलावर ठेवला होता. आत चित्रफितीचे एक रीळ होते. उघडताच आंबूस वास आला, म्हणजे फीत सडू लागली होती.

आत्या चार वर्षांची असताना तिची आई, म्हणजे या दोघांची आजी, गेली. आईचा चेहरा तिला आठवत नव्हता. घरात एकच फोटो होता, आणि त्यात आईने मान खाली घातलेली होती.

“थोरल्या दादाच्या कपाटात सापडलं गं,” आत्या म्हणाली. “तो सांगायचा, यात आई हसताना आहे. मला बघायचंय. सत्तरी उलटली तरी आईचं तोंड पाहिलं नाही, असं कुणी असतं का?”

ताईने फीत प्रकाशात धरून पाहिली. फीत इतकी ठिसूळ झाली होती की यंत्रातून एकदाच जाऊ शकली असती. मध्ये थांबवली तरी यंत्राच्या दात्यांवर ताण येऊन तुटली असती. यंत्र न थांबता चित्रांमागून चित्रे ओतत राही, आणि ताईच्या संगणकातल्या जुन्या रॅमला ती झेपत नसत. काही चित्रे सांडून जात. सांडलेल्या एखाद्या चित्रातच आजी हसत असली तर?

म्हणून बहीणभाऊ दुकानात आले. दुकानदाराने काउंटरवर आमच्याशेजारी आणखी एक जोडी ठेवली. तिच्या डोक्यावर रंगीबेरंगी दिव्यांची पट्टी होती.

“ताई, हीच घे!” गुंड्या म्हणाला. “वेग चार हजार आहे हिचा. शिवाय दिवे लागतात.”

“दिवे लावायला तू आहेस की घरात,” ताई म्हणाली. “नुसता वेगाचा आकडा काय बघतोस? टायमिंग बघ. वेग म्हणजे ठोके किती भरभर पडतात ते. टायमिंग म्हणजे मागितलेली गोष्ट हातात पडायला किती ठोके थांबावं लागतं ते. ही भरभर मोजते, पण वीसपर्यंत मोजून मग दार उघडते. ही साधी जोडी छत्तीसशे वेगाची. जरा सावकाश मोजते, पण सोळाला दार उघडते. दारात ताटकळणार कुठे कमी?”

गुंड्याने मनात हिशेब केला आणि तोंड वाकडे केले. “साधीकडे. पण चार हजार ऐकायला किती भारी वाटतं!”

“गिऱ्हाईकं अशी यायला लागली,” दुकानदार म्हणाला, “तर मला दुकान बंद करून शिकवणी लावावी लागेल.”

अशा रीतीने आम्ही बिनदिव्यांच्या दोघी त्या वरच्या मजल्यावर आलो.

तिथे आमची खरी परीक्षा सुरू झाली. कारखान्याने आम्हाला जो वेग नेमून दिला होता त्याच्याही पुढे दोघे आम्हाला पळवू पाहत होते. याला ओव्हरक्लॉक करणे म्हणतात. वेग वाढवला की थांबण्याचे ठोके सैल सोडावे लागत, ठोके आवळले की वेग खाली आणावा लागे. पांघरूण तोकडे असले की डोके झाकावे तर पाय उघडे, तसे. गुंड्या वेगाकडून ओढी, ताई ठोक्यांकडून. दोघे भांडत, संगणक मध्येच डोळे मिटे, की पुन्हा पहिल्यापासून. अखेर दोघांचे एका जागी जमले. वर गुंड्याने एक युक्ती काढली.

“उजळणी जरा कमी वेळा करू दे ना त्यांना. तेवढाच वेळ कामाला मिळेल.”

ताईने होकार दिला. आम्ही कसून तपासल्या गेलो आणि एकही चूक केली नाही. पण हे सगळे चालले होते तेव्हा संगणकाच्या पेटीचे एका बाजूचे झाकण काढलेले होते, पेटी उघड्या खिडकीपाशी होती आणि गार वारा थेट आमच्या अंगावर येत होता. हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. रोजचेच होते ते!

आत्या येणार त्या दिवशी ताईने खोली आवरली. तारा दिसू नयेत म्हणून पेटीचे झाकण घट्ट बसवले, पेटी टेबलाखाली सरकवली आणि धूळ उडू नये म्हणून खिडकीही लावली. पाहुणी यायची म्हटल्यावर घर नीटनेटके नको का?

आत्या खुर्चीत बसली. यंत्र फिरू लागले. चित्रे माझ्यात कोसळू लागली. एक अंगण, वाळत घातलेले कपडे, एक कुत्रे. मित्रांनो, त्या गर्दीचे वर्णन मला करता येणार नाही. एक चित्र ठेवावे तो दुसरे दारात, ते द्यावे तो तिसरे. साठ वर्षांहून जुना उजेड माझ्या विहिरींतून थेंबाथेंबाने वाहत होता. पण बंद पेटीत मी तापत चालले होते. अंग तापले की माझ्या विहिरी अधिक गळतात, आणि उजळणी तर आधीच लांबवलेली. तेवढ्यात कपड्यांच्या आडून एक तरुण बाई पुढे आली. तिने मान वर केली आणि ती हसली.

“आई!” आत्या एवढेच म्हणाली. आधारासाठी तिने हात खाली नेला, तो टेबलाखालच्या पेटीवर टेकला. “अगं बाई, याला तर ताप आलाय!”

गुंड्या गुडघ्यांवर बसला. यंत्र न थांबवता त्याने झाकण ओढून काढले. ताईने खिडकी उघडली. वारा आत आला आणि माझ्या जिवात जीव आला. रीळ शेवटपर्यंत गेले. फितीचे मात्र मागे तुकडे पडले होते.

मग ताईने ते हसणारे चित्र पडद्यावर मोठे करून आत्यासमोर धरले. आत्या पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली.

“हिच्या गालावर तीळ आहे! बघ, माझ्यासारखाच. इथेच. मला कुणी सांगितलंच नाही कधी. मी आईवर गेलेय!”

तिच्या आवाजात लहान मुलीचा आनंद होता. गुंड्याने ताईकडे पाहिले. ताईने आधीचे चित्र काढले. मान अजून पुरती वर नव्हती, पण गाल स्वच्छ. नंतरचे चित्र काढले. गाल स्वच्छ. तीळ त्या एकाच चित्रात होता. तापलेल्या क्षणी एक थेंब झिरपला होता.

“राहू दे ना, ताई,” गुंड्या कुजबुजला. “किती खूश आहे ती.”

ताईने पुन्हा तिळाचे चित्र पडद्यावर आणले. मग आत्याशेजारी बसली आणि तिचा हात हातात घेतला.

“आत्या, तीळ नव्हता तिला. संगणक तापला, त्याची चूक आहे ती. आम्ही झाकण लावायला नको होतं.”

आत्याने स्वतःच्या गालावरच्या तिळाला बोट लावले.

“मग पुढचं दाखव,” ती म्हणाली.

पुढच्या चित्रात वाऱ्याने केसांची बट तोंडावर आली होती आणि चेहरा थोडा हलला होता. हसूही अर्धे मावळले होते.

“त्या पहिल्यातला तीळ पुसता येतो आम्हाला,” गुंड्या म्हणाला. “कळणारसुद्धा नाही.”

“नको रे. पुसलेलं नको आणि लावलेलंही नको. हेच दे. हललेली असू दे, पण ही तीच आहे ना?” तिने बोट पुढे केले आणि पडद्यावरच्या बटेपाशी थांबवले. “केस सारखे डोळ्यांवर येतात माझ्याही. बघ, गेलेच आहे की नाही आईवर!”

ते चित्र आत्याच्या भिंतीवर लागले. मी पुढे बरीच वर्षे काम केले, कमी वेगाने, भरपूर उजळणी करत आणि झाकण उघडे ठेवून. मग नव्या घडणीच्या पट्ट्या आल्या, त्यांचे दात निराळे, आणि आमची रवानगी या खणात झाली. तक्रार नाही. डोळ्याचे पाते लवायच्या आत येऊन गेलेले एक हसू माझ्या हातून पुढे गेले. वाळूच्या नशिबी याहून मोठे काय असते?

मित्रांनो, आम्हाला पळवायचे तर खुशाल पळवा, पण मोठ्या आकड्याला भुलू नका. जसे रोज वापरणार तसेच तपासा, आम्हाला वारा द्या, उजळणीला वेळ द्या. आणि एखादी आठवण फारच गोड वाटली, तर तिच्या आधीचे आणि नंतरचे चित्रही एकदा बघून घ्या. हा खण उघडाल तेव्हा आम्हाला कडेने उचला, सोनेरी दातांना बोट लावू नका. एखाद्या जुन्या संगणकात आम्हा दोघींना शेजारी बसवा. आमच्या विहिरी तेव्हा रिकाम्या असतील. पण उजळणी अजून येते.